जनाबाईनंतरचं दळण

काढ्याला भरड, चूर्णाला वस्त्रगाळ, भस्माला त्याहून बारीक. वैद्यकीच्या पहिल्या वर्षी हे पाठ होतं आणि हाताला कळायला पुढची कितीतरी वर्षं जातात. गुळवेल, सुंठ, वाळा यांचा काढा करायचा तर वनस्पती जवाच्या दाण्याएवढी कुटायची. आम्ही तिला यवकूट म्हणतो. तिचं पीठ करून उकळलं तर ते पातेल्याच्या तळाला धरतं, गाळताना फडक्यात लगदा बसतो आणि रोग्याच्या वाट्याला गढूळ पाणी येतं. भस्म चिमटीत चोळल्यावर बोटांच्या रेषांत जाऊन बसलं तर ते रेखापूर्ण, पाण्यावर टाकल्यावर तरंगलं तर वारितर. द्रव्य तेच, पण किती बारीक केलं यावर त्याचा गुण ठरतो. सोलापूर जिल्ह्यात हे सांगायला वैद्य लागत नाही म्हणा. शेंगांची चटणी मिक्सरमध्ये फिरवली तर कोरडी भुकटी होते आणि उखळात कुटली तर तेल सुटून तिची चव वेगळीच लागते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

शार्ङ्गधराने पाच कषाय सांगितले आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळलं ते हिम. कढत पाणी ओतून थोडं मुरवून गाळला तो फांट. करमाळ्याच्या स्टँडवरचा चहा, दूधसाखर घालून रटरटा उकळलेला, हा शुद्ध क्वाथ आहे. कॉफी हा फांट. शहरांत हल्ली बाटलीतून मिळते ती कोल्ड ब्रू म्हणजे हिम. एस्प्रेसो मात्र या पाचांत सरळ बसत नाही. साधारण १८ ग्रॅम भुकटी छोट्या गाळणीत दाबून बसवायची, तिच्यातून ९० अंशांच्या वरचं पाणी हवेच्या दाबाच्या नऊपट जोराने रेटायचं आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास दाट अर्क खाली यायला हवा. फांटाला शार्ङ्गधर द्रव्याच्या चौपट पाणी सांगतो. इथे दुपटीत काम भागवायचं असतं. लुईजी बेझ्झेरा याने इटलीत १९०१ साली अशा यंत्राचं पेटंट घेतलं, पण वर तांबूस फेस आलेला आजचा एस्प्रेसो अकिले गाज्जियाच्या तरफेच्या यंत्राने दिला, दुसरं महायुद्ध संपल्यावर.

असं एक लहान यंत्र माझ्या स्वयंपाकघरात आलं ते भाच्यामुळे. तो बंगळुरात नोकरी करतो, त्याने स्वतःला मोठं यंत्र घेतलं आणि जुनं मला देऊन टाकलं. "मावशी, तू जन्मभर कुटण्या-गाळण्यातच आहेस, तुला जमेल." मग हळूच पुढचं सांगितलं, की नुसतं यंत्र असून भागत नाही, ग्राइंडर चांगला लागतो, आणि खरं तर यंत्रापेक्षा ग्राइंडरवर जास्त खर्च करावा. ऐकताना हसू आलं. पण विचार केल्यावर त्यात वैद्यकीचाच न्याय दिसला. दाबाखालच्या पाण्याला अडवणारं तिथे भुकटीशिवाय दुसरं काहीच नसतं. भुकटी जाड असेल तर पाणी दहा सेकंदांत निसटतं, पेला आंबट आणि पचपचीत. फार बारीक असेल तर यंत्र कण्हत राहतं, थेंब थेंब पडतो आणि कडू जहर उतरतं. योग्य आणि अयोग्य यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी.

ग्राइंडरचा विषय ओसरीवर निघाला तेव्हा शेजारचे बुवा बसले होते. माळकरी माणूस, वयाच्या पंचाहत्तरीतही दिंडीत चालतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वैद्यबाई, दळायलाबी यंत्र आलं म्हणा. मग पांडुरंगानं हात लावायचा कुठं?" बोलणं थट्टेचं होतं. पण बुवांच्या थट्टेत नेहमी एक खडा असतो, आणि तो दातांखाली आला की सहज थुंकून टाकता येत नाही.

संदर्भ अर्थात जनाबाईचा. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली आणि तिच्यासोबत जात्याला विठ्ठलाने हात लावला, ही कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं म्हणून एक जातं दाखवतात. तिथे बायका खुंट्याला हात लावून एक फेरा ओढतात आणि तो हात डोळ्यांना लावतात. बुवांचा प्रश्न नीट मांडला तर असा होतो: कष्ट हेच जर देवाला बोलावण्याचं ठिकाण असेल, तर कष्ट काढून घेणारं यंत्र माणसाकडून आणखी काय काढून घेतं?

प्रश्न खोटा नाही. पण तो बहुतेक वेळा पुरुष विचारतात, हे मी माझ्या वयाच्या अधिकाराने नोंदवून ठेवते. माझी आजी जेऊरकडच्या एका वाडीत राहायची. पहाटे, अंधार असताना, ती जात्यावर बसायची. एक पाय पसरलेला, एक दुमडलेला, डाव्या हाताने वैरण घालायची, उजव्याने खुंटा. डाळ भरडायची असली की मधल्या खिळ्याला चिंधी गुंडाळून वरची पाळ किंचित उचलून घ्यायची. ज्वारीचं पीठ हवं असलं की चिंधी काढायची. जातं बोथट झालं की टाकी लावणारी बाई यायची आणि दगडावर नवे दात उमटवून जायची. आजीच्या ओव्या मला आठवतात, तशी तिच्या खांद्याची गाठही आठवते, जिला मी पुढे शिकल्यावर नाव देऊ शकले. वाडीत डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी आली त्या आठवड्यात आजीने ज्वारीची पाटी डोक्यावर घेतली आणि गिरणीची वाट धरली. जातं त्यानंतर लग्नातल्या हळदीपुरतं उरलं. ओव्या हरवतील म्हणून तिने हळहळ केल्याचं मला तरी आठवत नाही. ती झोपली. सूर्य उगवेपर्यंत झोपणं ही तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली चैन होती.

ओव्या गोळा करणारी माणसं नंतर आली. मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या मिळवल्या. आज त्या ग्रामीण भारताचा दस्तऐवज ठेवणाऱ्या 'पारी' या संस्थेकडे आहेत. त्या ऐकायला बसलं की भक्ती भेटते, भाऊ भेटतो, पंढरीची वाट भेटते. पण सासुरवास, उपासमार आणि मेलेली लेकरंही तितकीच भेटतात. दळण जड होतं म्हणून गाणं लागत होतं. गाणं हवं म्हणून दळण ठेवा असं म्हणणं म्हणजे व्रण सुंदर दिसतो म्हणून जखम राखा असं सांगणं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू येतात. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते आणि एकनाथांनी काशीत १५७३ साली पूर्ण केलेल्या भागवतावरील टीकेमुळे हे गुरू मराठी घरांत पोचले. त्यांत एक कुमारी आहे. घरात आईबाप नाहीत, तिला मागणी घालायला पाहुणे आले आहेत, घरात तांदूळ नाही म्हणून ती आत भात कांडायला बसते. हातातल्या बांगड्या वाजतात. बाहेर आवाज गेला तर घरची गरिबी कळेल म्हणून ती एकेक बांगडी उतरवते, शेवटी प्रत्येक हातात एकच उरते आणि आवाज थांबतो. अवधूत यातून एकांताचा धडा घेतो: दोघे असले की खटका, एकटा असला की शांती. तो धडा त्याच्या जागी बरोबर असेलही. मला मात्र दर वेळी वाटतं की एवढा ज्ञानी माणूस दारात उभा राहून सगळं पाहतो, बोध घेतो आणि निघून जातो. मुसळाला हात लावत नाही. जनाबाईचा विठ्ठल या अवधूतापेक्षा वेगळा ठरतो तो इथेच. त्याने कष्टांचं तत्त्वज्ञान केलं नाही, खुंटा धरला. त्या कथेत देव येतो तो कष्ट वाटून घ्यायला. कष्ट पवित्र आहेत म्हणून ते जनीने एकटीनेच करावेत, असं तो म्हणत नाही.

म्हणजे बुवांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्याच कथेत आहे. दुसरं अर्धं मी त्यांना तालुक्यातलंच दाखवलं. आमच्या तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. तिथलं कुंकू विजेवरच्या गिरण्यांत दळलं जातं आणि पंढरपूरच्या दुकानांत मांडलं जातं. देवीच्या कपाळी लावताना कोणी ते हाताने दळलं की मोटारीने, असं विचारत नाही. बुवा म्हणाले, "ते खरं. पर कुंकू लावणारा हात असतो." तेवढं बोलून ते उठले. मला वाटतं, त्यांनी हरताना मला नेमका शब्द दिला.

यंत्राबद्दल विचार करताना आपल्याकडे गांधीजींना टाळून पुढे जाता येत नाही. यंत्रविरोधक म्हणून त्यांचं चित्र रंगवलं जातं, पण १९२४ साली एका तरुणाशी झालेल्या संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या विरोधातून सरळ वगळलं होतं. सिंगरने बायकोला हाताने टाके घालून दमताना पाहिलं आणि तिचे श्रम वाचावेत म्हणून यंत्र केलं. त्यामागे प्रेम होतं, असा त्यांचा मुद्दा. (आयझॅक सिंगरचं खरं कौटुंबिक चरित्र वाचलं तर गांधीजी त्याला आदर्श पतीचं प्रमाणपत्र देण्याआधी दोनदा थबकले असते, त्याला वेगवेगळ्या स्त्रियांपासून वीसहून अधिक मुलं होती.) उदाहरण कच्चं असलं तरी कसोटी पक्की आहे. यंत्र कोणाचे श्रम वाचवतं आणि माणसाच्या हातापायांना निकामी करतं की नाही, हे बघायचं. मुंबईत १९६३ साली आलेला सुमीत मिक्सर या कसोटीला सिंगरइतकाच उतरतो. वाटण-घाटणात गेलेल्या आयुष्यांचा हिशेब कोणी मांडला नाही म्हणून तो दिसत नाही, एवढंच.

मी त्या कसोटीला एक पोटकलम जोडते. दळण्यात दोन गोष्टी असतात. एक खांद्याची, दुसरी नजरेची. किती वैरण घालायची, पाळ किती उचलायची, पीठ बोटांत घेऊन बारीक झालं का ते कसं ओळखायचं, ही दुसरी. खांद्याचा भाग यंत्राने खुशाल न्यावा. नजरेचा भागही त्याने नेला, तर घरात कॉफी येते आणि माणूस तिथून वजा होतो. बुवांचा हात मला इथे आठवला. ग्राइंडर निवडताना माझ्यापुरता प्रश्न एवढाच उरला: श्रम घेईल आणि निर्णय माझ्याकडे ठेवेल असा कोणता?

या चाळणीतून काही पर्याय लगेच गळाले. घरचा मिक्सर आधी. त्याचं पातं दळत नाही, तोडतं. ज्या बीला पातं दोनदा लागलं तिची धूळ होते आणि जिला लागलंच नाही तिचा खडा राहतो. धुळीतून कडवटपणा उतरतो, खड्यातून आंबटपणा, आणि एकाच पेल्यात दोन्ही तक्रारी येतात. दळायचं तर जात्याचंच तत्त्व लागतं: दातेरी दोन भाग, मधे ठरावीक फट, फटीतून जाईल एवढाच कण. त्याला बर म्हणतात. शंकूच्या आकाराचा असो की सपाट चकत्यांचा, नवशिक्याने त्यावर रात्र जागवू नये. हाताने फिरवायचे बर ग्राइंडर उत्तम मिळतात आणि कमी पैशांत मिळतात, पण एस्प्रेसोइतकं बारीक दळायला मनगटाला चांगलाच जोर द्यावा लागतो. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. दिवसभर नाडी बघणाऱ्या हाताला सकाळी सहा वाजता शिक्षा कशाला? खांद्याचा भाग यंत्राला, हे एकदा ठरलं आहे. दुसऱ्या टोकाला बटण दाबताच दळून, दाबून, गाळून पेला पुढे करणारी यंत्रं. ती वाईट नाहीत. पण त्यांच्याकडे पाहिलं की मला पैसे देऊन ब्राह्मणाकडून करून घेतलेलं पारायण आठवतं: पोथी पूर्ण होते, यजमान दुकानात असतो.

आणि आयती भुकटी? भाजलेली बी दळली की तिचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि वास उडायला लागतो. चूर्णाचं वीर्य दोन महिन्यांनी उतरतं असं आमचे ग्रंथ सांगतात. कॉफीच्या भुकटीचं त्याहून फार लवकर. शिवाय आयत्या भुकटीत जाडी कमी-जास्त करण्याची सोयच राहत नाही.

आता खरी गाठ. नवशिक्याला कोणता घ्यावा असं विचारलं की जाणकार दोन वाटा दाखवतात. एका वाटेवर ग्राइंडरला आकडे असतात. कडं फिरवलं की टक टक करत एका आकड्यावरून दुसऱ्यावर जातं. बारात्झा कंपनीचा २०२३ साली आलेला एन्कोर ईएसपी हे त्याचं चांगलं उदाहरण: एकूण ४० आकडे, पहिले २० एस्प्रेसोसाठी जवळजवळ ठेवलेले, पुढचे २० फिल्टरच्या जाड कॉफीसाठी लांब लांब. दुसऱ्या वाटेवर आकडे नुसते नावाला, कडं कुठेही थांबतं. फ्लोरेन्सच्या युरेका कंपनीचे मिन्योन, किंवा ५४ मिलिमीटरच्या सपाट चकत्यांचा डीएफ५४ हे या जातीचे. दोन आकड्यांच्या मधली जागा, जी पहिल्या वाटेवर मिळतच नाही, ती इथे मिळते. कागदावर दुसरी वाट श्रेष्ठ आहे. भाचाही म्हणाला, "मावशी, एकदाच घे, बिनपायऱ्यांचाच घे."

इथे मला गीतेचा बारावा अध्याय आठवला आणि तो ओढूनताणून आठवला असं मला वाटत नाही. अर्जुन विचारतो, सगुणाची उपासना करणारे श्रेष्ठ की अव्यक्ताची? कृष्ण अव्यक्ताला कमी लेखत नाही. तेही माझ्याकडेच पोचतात म्हणतो. पण देह धारण करणाऱ्याला त्या वाटेवर क्लेश जास्त आहेत, असं बजावतो. आपल्या परंपरेत याला अधिकारभेद म्हणतात, आणि त्याचा दुरुपयोग इतका झाला, अमक्याला हे वाचण्याचा अधिकार नाही, तमकीला ते, की तो शब्द उच्चारताना मलाही जीभ चावावीशी वाटते. तरी जातीचं विष काढून टाकलं तर त्यात गाभ्याला एक शिक्षकाची समज आहे. शिकणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे कळलं पाहिजे. नाहीतर तो चुकतो आणि काय चुकलं हेही त्याला सांगता येत नाही. काल अकरावर दळलं, आंबट झालं, आज दहावर. असं बोलता यायला आकडा लागतो. बिनपायऱ्यांच्या कड्यावर काल नेमकं कुठे होतो हे आठवणीवर सोडावं लागतं, आणि सकाळी सहाची आठवण हे फार भरवशाचं साधन नाही. करमाळ्यात कमलाईच्या देवळापाशी ९६ पायऱ्यांची विहीर आहे. पाणी खोल गेलं की लोक सांगतात, इतक्या पायऱ्या उघड्या पडल्या. दुष्काळ मोजायलासुद्धा पायरी लागते.

पायऱ्यांच्या ग्राइंडरमध्ये कधी योग्य जागा दोन आकड्यांच्या मधे पडते, हे खरं आहे. तेव्हा आकडा तसाच ठेवून भुकटी अर्धा ग्रॅम कमी-जास्त करायची, काम होतं. निर्गुणाची ओढ लागलीच तर ती पुढे लागेल, तिला कोणी अडवलेलं नाही. मी आकड्यांचा घेतला.

किमतीबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. अमेरिकेत एन्कोर ईएसपी बाजारात आला तेव्हा २०० डॉलरला होता. आपल्याकडे पोचेपर्यंत जकात आणि वाहतूक त्यावर चढते. कंदरच्या केळीच्या बागेत घड उतरवणाऱ्या माणसाची कित्येक दिवसांची मजुरी त्यात आहे. अपरिग्रहाच्या नावाने मी स्वतःला फार छळलं नाही, पण एक बघितलं. या छंदाचा बाजार माणसाला कायम पुढच्या वस्तूकडे ढकलत असतो: या चकत्या घे, मग त्या घे, मग हे कडं. नवशिक्यासाठी चांगली वस्तू ती, जी घेतल्यावर माणूस वस्तूंबद्दल वाचायचं थांबवतो. आणि बिघडली तर दुरुस्त होणारी हवी. करमाळ्यात मोटार भरून देणारे आहेत, पाण्याच्या मोटारीवर हात बसलेले. सुटे भाग विकणाऱ्या कंपनीची वस्तू असेल तर तेही उघडून बघतील. एकजीव प्लास्टिकच्या डब्यात कोंडलेली असेल तर कोणीच बघणार नाही.

कॉफी धर्माला परकी आहे असं समजणाऱ्यांसाठी थोडं विषयांतर. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रभराच्या नामस्मरणात झोप येऊ नये म्हणून कॉफी घेत. आपल्याकडे हरिजागराला चहाची किटली फिरते तसंच. १५११ साली मक्केच्या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी घातली, ती कैरोच्या सुलतानाने उठवली. भारतात ती आली ती बाबा बुदन या फकिरामुळे: हजहून येताना त्याने मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगरावरच्या गुहेत मुसलमान बाबा बुदनला मानतात आणि हिंदू दत्तात्रेयाला. हक्कावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. चोवीस गुरू करणाऱ्याच्या डोंगरावर दोन वारसदारांनी भांडावं, हे दत्ताला पंचविसावा गुरू म्हणून चाललं असतं. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याला. आणि मराठी घरात ती शिरली उपासाच्या वाटेने, जायफळ घालून, भरपूर दुधात. एकादशीला आजी तीच करायची. ती पावडर डब्यातली होती आणि तिला कोणी फांट म्हटलं नसतं, पण तिचा वास मला अजून उपासाचा वाटतो.

वापराबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. बिया दर वेळी मोजून घालायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदललेली गोष्ट लिहून ठेवायची. रोग्याला एकाच वेळी चार औषधं बदलून दिली तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही, नियम तोच. बियांची नवी पिशवी आली की आकडा हलतो, उन्हाळा चढला की हलतो. आमच्याकडची कोरडी हवा मात्र एक वेगळाच त्रास देते. दळताना भुकटीत वीज साठते, कण भांड्याला चिकटतात, ओट्यावर उडतात. उपाय साधा आहे: दळण्याआधी बियांना एक-दोन थेंब पाण्याचा हात लावायचा. ओरेगॉन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारे संशोधक यांनी मिळून हे तपासलं आणि २०२३ साली 'मॅटर' या नियतकालिकात मांडलं. पाण्याने वीज कमी होते आणि भुकटीच्या गुठळ्या न झाल्याने अर्कही जास्त उतरतो. ज्वालामुखीवाल्यांना कॉफीत ओढण्याची कल्पना मला फार आवडली.

अवधूताच्या गुरूंत एक बाण करणारा आहे. तो बाण सरळ करण्यात इतका गढलेला असतो की शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेलेली त्याला कळत नाही. त्याच्याजवळ यंत्र असतं तर तो गुरू उरला नसता, असं मला वाटत नाही. त्याचा गुरुपणा घामात नव्हता. सकाळी ग्राइंडर घरघरतो तेव्हा मी ऐकत असते: बी संपत आली की आवाज वर चढतो. पहिला थेंब कितव्या सेकंदाला पडला, धार मधासारखी आहे की पाण्यासारखी, हे बघत असते. त्या अर्ध्या मिनिटात जप होतो असा माझा दावा नाही. पण दुसरं काहीही होत नाही, हे खरं आहे.

बुवांनी एकादशीला एस्प्रेसो चाखला. पहिल्या घोटाला डोळे मिटले, दुसऱ्याला उघडले आणि म्हणाले, "ह्यात दूध घाला, साखर घाला, आन थोडं जायफळ." घातलं. मग त्यांनी उपासाला चालते का विचारलं, मी बी आहे, धान्य नाही म्हटलं, आणि धर्मशास्त्र तिथे मिटलं.

मिटलं नाही ते मागच्या खोलीत. माझ्या दवाखान्याच्या मागे एक आक्का औषधं कुटतात. वडिलांच्या वेळेपासून आहेत. लोखंडी खलबत्ता, दगडी खल आणि तीन चाळण्या, एवढा त्यांचा संसार. अश्वगंधा, शतावरी, त्रिफळा, सगळं त्यांच्या हातून वस्त्रगाळ होऊन पुढे येतं आणि पुडीवर नाव माझं असतं. त्या एकदा कामासाठी स्वयंपाकघरात आल्या, ग्राइंडर चालताना उभ्या राहून बघितला, भुकटी चिमटीत घेऊन चोळली आणि म्हणाल्या, "बारीक बरी केलीया. एका पेल्यापायी एवढं यंत्र आणलं तुमी, बाई. मग आस्कंदाला कवा आणता?"

मी त्यांना कारण सांगायला गेले. हे दात भाजलेल्या, ठिसूळ बीसाठी आहेत. आस्कंदाच्या, म्हणजे अश्वगंधेच्या, मुळीचे धागे निघतात, ते यात अडकतील, मोटार जळेल. त्याला हातोड्यांचा, स्टीलचा पल्व्हरायझर लागतो. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "मग तसला आणा की," म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून एक अट घातली: यंत्र काही का असेना, चाळण त्यांच्याकडे राहील. वस्त्रगाळ झालं का नाही ते त्या बघतील.

पुण्याहून दरपत्रक मागवलं आहे. मागच्या खोलीत सिंगल फेजच आहे आणि त्यावर चालणारं लहान यंत्र दिवसाला किती किलो काढेल, याचा हिशेब आक्का आणि मी आता मांडतो आहोत.